खाडीकाठच्या घरासाठी गेमिंग कॉम्प्युटर

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने गेमिंगचा कॉम्प्युटर घरी असेंबल केला. घर देवगड तालुक्यात, खाडीच्या अगदी काठावर. बजेट ७५ हजार रुपये, आणि त्यात मॉनिटर, यूपीएस सगळं बसवायचं. पैसे दोघांचे होते. माझे पतपेढीच्या पगारातून बाजूला ठेवलेले, त्याचे मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून मिळालेले. बाबांकडे मागायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. दिवाळी सरली की कलमांवर मोहोराच्या फवारण्या सुरू होतात, त्या पैशाला हात लावायचा नसतो. बाबांनी एवढंच सांगितलं, "काय घेतास ता टिकणारा घेवा."

खेळतो आम्ही दोघंही. भाऊ डिप्लोमाला आहे, शनिवार-रविवारी घरी येतो आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. मला लांबलचक गोष्ट असलेले, एकटीने निवांत खेळायचे गेम आवडतात. रात्रीची जेवणं झाल्यावर तास-दीड तास एखाद्या अनोळखी शहरात हिंडून यावं, तिथल्या माणसांशी बोलावं, पावसात भिजलेले रस्ते बघावेत, यात मला फार सुख वाटतं. त्यामुळे हा खर्च माझ्यासाठी चैनीचा नव्हता. तो नीट व्हावा असं मनापासून वाटत होतं.

पहिली यादी भावाने केली. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग), १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर, ५०० जीबीची एसएसडी (गेम आणि फाइली साठवणारा भाग), कॅबिनेटबरोबर येणारा बिनानावाचा एसएमपीएस (भिंतीतली वीज बाकी भागांना पुरवणारा डबा), आणि यूपीएस नाहीच. "ताई, कार्ड भारी घेवया. बाकीचा काय, मागसून घेवक येता." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. गेम किती गुळगुळीत चालेल हे सगळ्यात जास्त कार्डावर ठरतं, आणि एसएसडी किंवा रॅम नंतर वाढवता येते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मीही अशीच यादी केली असती. पण आमच्याकडची लाईट, आमच्याकडची हवा आणि दुरुस्तीचं दुकान किती लांब आहे, या तीन गोष्टी त्या यादीत कुठेच नव्हत्या. म्हणून मी यादी उलट्या टोकाने करायला घेतली, भिंतीतल्या सॉकेटपासून.

आमचं घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लाईनच्या शेवटच्या टोकाला. सॉकेटमध्ये लावायचा एक साधा व्होल्टमीटर मिळतो, तो आणून मी काही दिवस वेगवेगळ्या वेळी आकडे वहीत लिहून ठेवले. संध्याकाळी सगळीकडे पंप आणि दिवे सुरू झाले की १८५-१९० पर्यंत उतरायचं, आणि रात्री उशिरा सगळे झोपले की २४५ च्या वर जायचं. हे आकडे बघितल्यावर एसएमपीएस हा यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे हे माझ्यापुरतं तरी पक्कं झालं. बाकी सगळे भाग त्याच्या हातातून आलेल्या विजेवर जगतात.

एसएमपीएस घेताना लोक वॅटचा आकडा बघतात. मी आधी त्याच्या अंगावरचं लेबल बघायला शिकले. त्यावर इनपुट किती व्होल्टचं आहे ते छापलेलं असतं. स्वस्तातल्या बऱ्याच एसएमपीएसवर २०० ते २४० असतं, म्हणजे आमची संध्याकाळ त्याच्या हिशेबातच नाही. चांगल्यांवर १०० ते २४० असतं, आणि त्यांत ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, ते कमी व्होल्टेजवरही काम निभावून नेतं. दुसरी बघायची गोष्ट १२ व्होल्टच्या रांगेतला अँपिअरचा आकडा. आजचे प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. ५५० वॅटच्या प्रामाणिक एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० वॅट. बिनानावाच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टला त्याच्या निम्मीसुद्धा ताकद नसते. बाकीची ३.३ आणि ५ व्होल्टची बेरीज करून दाखवलेली असते.

आमची गरज तशी मोठी नव्हती. ज्या कार्डाचा विचार शेवटी चालू होता (आरएक्स ६६००) ते १३२ वॅटचं, प्रोसेसर फार ताण आला तर ११७ वॅटपर्यंत जाणारा, बाकी पंखे, रॅम, एसएसडी मिळून पन्नासेक धरले तरी बेरीज ३०० च्या आसपास. ५५० वॅटचा, कमी वीज वाया घालवणाऱ्या ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस ठरवला. साधारण साडेचार हजार. भावाच्या यादीत तो कॅबिनेटबरोबर फुकट येत होता, म्हणून त्याला हे पैसे खूप टोचले. मी व्होल्टेजची वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती पूर्ण वाचली आणि मग काही बोलला नाही.

यूपीएसचं गणित याला जोडूनच आलं. आमच्याकडे लाईट जाते ती सांगून जात नाही, आणि पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येते-जाते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मॉनिटर धरला की तो अगदी काठावर आला असता. १००० व्हीएचा घेतला, तो ६०० वॅट देतो. त्यावर गेम खेळत बसायचं नसतं. गेम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की काम झालं. एक बारीक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी तपासावी लागते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची वीज देतो, आणि ॲक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस कधी कधी ती वीज सोसत नाही, ताण असताना पटकन बंद पडतो. म्हणून एसएमपीएस आणि यूपीएस एकाच दुकानातून घेतले. कणकवलीच्या दुकानदाराला विनंती करून त्यांच्या एका चालू कॉम्प्युटरला दोन्ही जोडले, गेम लावला आणि भिंतीतला प्लग ओढला. स्क्रीन हललीसुद्धा नाही. मग पैसे दिले.

आता अर्थिंग. जुन्या टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटाला मुंग्या येतात, हे गावात सगळ्यांनाच सवयीचं झालंय. ती सवय वाईट आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली गडबड गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण त्याच अवस्थेत मॉनिटरची किंवा नेटची केबल लावली तर पोर्ट उडू शकतात. आमच्या तीन पिनच्या सॉकेटांना तिसरं भोक होतं. वायरमन काकांनी टेस्ट लॅम्प लावून बघितला, फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब पेटलाच नाही. "बाय, ह्या अर्थिंग नुसता नावाक आसा."

कोकणात अर्थिंग करणं म्हणजे खरोखर कष्टाचं काम. खाली चिरा, म्हणजे जांभा दगड. उन्हाळ्यात तो कोरडाठाक पडला की वीज जमिनीत शिरायलाच तयार नसते. काकांनी जागा निवडली ती मागच्या दारी, न्हाणीघराचं पाणी जिथे माडांना जातं तिथे, म्हणजे माती बारा महिने ओली. पहारीने खणून पाईप पुरला, भोवती लाकडी कोळसा आणि जाड मीठ थरावर थर टाकलं, जाड वायर बोर्डापर्यंत आणली. परत टेस्ट लॅम्प लावला तेव्हा तो भरपूर पेटला. याचा खर्च ७५ हजारांत धरला नाही. तो कॉम्प्युटरसाठी नव्हताच, घरातल्या फ्रिजला आणि गिझरलाही त्याची तेवढीच गरज होती.

प्रोसेसरवर आमची सगळ्यात लांब चर्चा झाली, कारण तिथे दोन चांगले पर्याय समोरासमोर होते. एएमडीचा रायझेन ५ ५६०० तेव्हा साधारण १२ हजारांना मिळत होता. सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी किती कामं पेलतो त्याचे आकडे), ३२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), गेमिंगला उत्तम, आणि त्याला लागणारे बी४५० मदरबोर्डही स्वस्त. त्याच्या समोर इंटेलचा आय५-१२४००एफ, तोही सहा कोअर, बारा थ्रेड, किंमत जवळपास तेवढीच. यूट्यूबवरची बहुतेक मंडळी या दोघांत तुलना करून थांबतात. पण या दोघांतही एक गोष्ट सारखी आहे. दोघांच्याही पोटात ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. इंटेलच्या नावापुढच्या 'एफ'चा अर्थच तो.

यात काय बिघडतं? शहरात काही नाही. पण कार्ड बिघडलं तर ते वॉरंटीत जाणार कोल्हापूरला किंवा मुंबईला. कुरिअर, तपासणी, बदली, परत कुरिअर, यात महिनासुद्धा जातो. तेवढे दिवस आमचा पूर्ण कॉम्प्युटर म्हणजे काळी स्क्रीन. भावाचा अभ्यास, ड्रॉइंगची सॉफ्टवेअर, प्रोजेक्टचे रिपोर्ट सगळं त्यावरच होणार होतं. म्हणून पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर हवा, यावर मी ठाम राहिले.

रायझेन ५ ५६००जी मध्ये ते आहे, आणि तेही चांगलं, हलके गेम कार्डाशिवाय चालतात. ज्यांना आत्ता फक्त प्रोसेसर आणि पुढच्या वर्षी कार्ड घ्यायचंय त्यांच्यासाठी तो फार सोयीचा. पण त्याची कॅशे निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्डाला जोडणारी वाट, तिसऱ्या पिढीचं. आम्ही जे कार्ड घेणार होतो ते आठच लेन वापरतं, त्यामुळे त्याला चौथी पिढी मिळालेली बरी. शेवटी आय५-१२४०० घेतला, एफ नसलेला. त्याच्यात साधं ग्राफिक्स आहे, गेमसाठी नाही, पण स्क्रीन चालू ठेवायला आणि अभ्यासाला पुरेसं. एफवाल्यापेक्षा तीनेक हजार जास्त पडले. ते मी विम्याच्या हप्त्यासारखे दिले.

बोर्ड एच६१०, सात हजारांच्या आसपास. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) यावर होत नाही, आणि ते आम्हाला करायचंही नव्हतं. याचा एक फायदा होता, बाराव्या पिढीचा प्रोसेसर त्यावर डब्यातून काढून थेट चालतो. बी४५० घेतला असता तर बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारी, बोर्डातच भरलेली प्रणाली) जुना आहे की नवा हे दुकानात बघावं लागलं असतं. त्या बोर्डांच्या डब्यावर 'रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी'चा स्टिकर शोधायचा असतो, नाहीतर बायोस अपडेट करून देणारा माणूस शोधायचा.

रॅम १६ जीबी डीडीआर४, ३२०० ची, आठ-आठच्या दोन काड्या. एक १६ ची घेतली तर चालते, पण मग दुहेरी चॅनल (दोन वाटांनी एकदम काम) मिळत नाही आणि गेममध्ये फरक कळतो. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

कार्डाबद्दल मात्र आहे. आरटीएक्स ४०६० छान आहे, ११५ वॅटमध्ये बरंच काम करतं, पण ते घेतलं असतं तर यूपीएस आणि चांगला एसएमपीएस दोन्ही गेले असते. आरटीएक्स ३०५० आणि आरएक्स ६६०० या दोघांच्या किमती दुकानात जवळ जवळ होत्या, आणि साध्या गेमिंगमध्ये ६६०० स्पष्टपणे पुढे आहे. आरटीएक्सवाल्या एनव्हिडियाचं डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) चांगलं आहे हे मान्य, पण मुळातच कमी ताकदीच्या कार्डावर त्यासाठी तेवढेच पैसे द्यायचे हे मला पटलं नाही. आरएक्स ६६०० हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं, ८ जीबीचं, १०८० पी (फुल एचडी) साठी भरपूर. त्या वर्षी कार्डांच्या किमती इतक्या चढलेल्या की नाव काढणं शक्य नव्हतं. दोन वर्षांनी तेच २०-२१ हजारांत मिळत होतं.

मुंबईच्या मावसभावाने, म्हणजे दादाने, एक स्वस्त पर्याय सुचवला होता, जुनं आरएक्स ५८०. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात अशी कार्डं ढिगाने दिसत होती. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग (कार्डांकडून गणितं करवून चलन कमावणं) बंद करणारी पद्धत स्वीकारली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर बाजारात आली. मायनिंग झालेलं प्रत्येक कार्ड वाईट असं नाही. पण ५८० हे २०१७ चं, वीज १८५ वॅट खाणारं, आणि त्या नावाने दोन प्रकार विकले जातात, एकात २,३०४ कोअर आणि दुसऱ्यात २,०४८. दुकानाजवळ राहणाऱ्याने ते घेऊन बघावं. बिघडलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन भांडता येतं. देवगडातून कुठे भांडायला जाणार? मी दादाला फोनवर स्पष्ट सांगितलं, "दादा, सीलबंद डबा, जीएसटीचं बिल, आणि बिलावर सिरीयल नंबर. या तिन्हीशिवाय घेऊ नको." बाहेरून परस्पर आणलेला माल थोडा स्वस्त मिळतो, पण त्याला भारतातली वॉरंटी नसते. बिलावरचा सिरीयल नंबर वॉरंटीच्या पानावर टाकून दादाने दुकानातच तपासला.

एसएसडीचा निर्णय नेटने केला. आमच्याकडे फायबर आलंय, ३० एमबीपीएसचं, आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण १०० जीबीचा गेम त्यावर उतरवायला सगळा वेग सलग मिळाला तरी साडेसात तास लागतात, आणि सलग कधी मिळत नाही. शहरातला माणूस खेळून झालेला गेम काढून टाकतो आणि पुन्हा वाटलं की उतरवतो. आम्हाला ते परवडत नाही, म्हणून गेम ठेवून द्यायला जागा हवी. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली, साडेचार हजारांत. जुनी हार्डडिस्क होती घरात, पण हल्लीचे गेम तिच्यावर रेंगाळतात. सायबरपंक २०७७ या गेमने तर २०२३ मध्ये एसएसडी आवश्यकच करून टाकली.

एवढं झाल्यावर मॉनिटरला उरले नऊ हजार. १६५ हर्ट्झचा त्यात येत नव्हता. २४ इंची, १०८० पी, आयपीएस, १०० हर्ट्झचा घेतला. भावाने इथे मन मोठं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. नेमबाजीच्या खेळात जास्त हर्ट्झ त्याच्याच कामाचे होते, माझ्या नाही.

कॅबिनेट बघताना मी काच आणि रंगीत दिवे यांच्याकडे पाठ फिरवली, कारण आमचा खरा शत्रू मीठ आहे. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे इतके बारीक कण असतात की ते दिसत नाहीत, पण दरवाजाच्या कडीला, सायकलच्या साखळीला, पंख्याच्या स्क्रूला दोन वर्षांत गंज आणून दाखवतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जूनमध्ये पाझरते ती याच कारणाने. मदरबोर्डवर बसलेली मिठाची धूळ तसंच करते, आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ७५ च्या खाली फारशी येतच नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, आत येणारी हवा गाळून घेणं. पुढे बारीक जाळी आणि काढून धुता येणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घेतलं, पुढून हवा ओढणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून हवा बाहेर पडते, आत शिरत नाही, म्हणजे जे काही येईल ते फिल्टरमधूनच. दुसरा उपाय, कॉम्प्युटर वापरात ठेवणं. चालू कॉम्प्युटरच्या पोटातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, आणि तीच हवा गरम झाली की तिची आर्द्रता उतरते. दमट दिवसांत महिनाभर झाकून ठेवलेला कॉम्प्युटर रोज तासभर चालणाऱ्यापेक्षा लवकर मरतो. सिलिका जेलच्या पुड्या कॅबिनेटमध्ये टाकायचा सल्ला बरेच जण देतात, पण उघड्या जाळीच्या कॅबिनेटमध्ये त्या एका दिवसात पाणी पिऊन निकामी होतात. त्या जास्तीच्या केबली आणि स्क्रू ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, तिथे उपयोग होतो.

आणि पाली. मागच्या बाजूला कार्डासाठीच्या ज्या रिकाम्या पट्ट्या असतात, त्यांतली एखादी उघडी राहिली की पाल ऊब शोधत आत जाते आणि तिच्यामुळे शॉर्ट होतं. कौलारू घरात हे होणारच. सगळ्या पट्ट्या बंद केल्या, मागच्या पंख्यावर पिठाच्या चाळणीची जुनी जाळी कापून बसवली.

खरेदी दोन ठिकाणी वाटून केली. जड, फुटणारे आणि जास्त बिघडणारे भाग, म्हणजे मॉनिटर, एसएमपीएस, यूपीएस आणि कॅबिनेट, कणकवलीतून. दोन-तीनशे रुपये इकडेतिकडे झाले असतील, पण यूपीएसची बॅटरी गेली तर तिथे मोटरसायकलवर जाता येतं. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि कार्ड हे लहान आणि हलके भाग दादाने लॅमिंग्टन रोडवरून घेतले आणि दिवाळीला गावी येताना तुतारी एक्स्प्रेसने आणले. बॅग रात्रभर पायाशी ठेवली होती म्हणाला. कणकवलीला सकाळच्या गर्दीत ती बॅग त्याने माझ्या हातात दिली तेव्हा मला खरंच भरून आलं. इतक्या लोकांची इतकी काळजी त्या एका बॅगेत होती.

जोडणी माजघरात, दुपारच्या उजेडात, मोठ्या चादरीवर. प्रत्येक डबा उघडताना भावाने मोबाईलवर व्हिडिओ काढला, सिरीयल नंबर दिसेल असा. वॉरंटीत वाद झाला तर तो पुरावा. प्रोसेसर बसवताना लक्षात ठेवायचं ते एवढंच, की या इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. त्यांना बोट लागता कामा नये, आणि दांडा खाली दाबताना जोर लागतो तो अपेक्षितच आहे. डब्यातल्या कूलरला पेस्ट लावूनच येते. त्याचे चार खिळे समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबायचे, टिक असा आवाज येईपर्यंत, आणि मग बोर्ड उलटा करून चारही खिळे आरपार आलेत का ते डोळ्यांनी बघायचं.

इथे पोटातल्या ग्राफिक्सचा एक फायदा दिसला जो मी यादी करताना धरला नव्हता. कार्ड न लावताच आम्ही कॉम्प्युटर सुरू केला. बायोस दिसला, दोन्ही काड्या दिसल्या, एसएसडी दिसली, रॅम ३२०० वर आहे याची खात्री केली. म्हणजे पाया पक्का. मग कार्ड लावलं, एसएमपीएसची आठ पिनांची केबल जोडली, आणि मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डात लावली. काही अडलं असतं तर दोष कार्डाकडे आहे की बाकीच्यांत, हे लगेच कळलं असतं. एकेक भाग तपासायला जिथे शेजारी दुसरा कॉम्प्युटर नसतो, तिथे ही पद्धत फार मोलाची आहे. वायफाय चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे पोचत नव्हतं, म्हणून राऊटरपासून वाशांवरून लॅनची केबल आणली. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, केबलवर भावाचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) स्थिर राहिला आणि मॉनिटरचं दुःख तो बराचसा विसरला.

कार्डाच्या सेटिंगमध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) १०० ला बांधून ठेवले आहेत. मॉनिटर त्यापेक्षा जास्त दाखवतच नाही, मग कार्डाने उगाच का तापावं? पंखे शांत राहतात, यूपीएसवर ताण कमी येतो. व्हॅलोरंटला हे सहज जमतं. माझ्या जड गेममध्ये सेटिंग मध्यम ते हाय ठेवून साठच्या वर राहतात, आणि मला तेवढे पुष्कळ.

२०२४ चा पावसाळा त्यावरून गेला. मेच्या शेवटी विजा कडकडायला लागल्या की प्लग आणि यूपीएस दोन्ही भिंतीपासून वेगळे करायचे, हा नियम आईसुद्धा पाळते. विजेपुढे यूपीएस काही कामाचा नाही. कॉम्प्युटर खाडीकडच्या खिडकीपासून लांब, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर आहे. दर पंधरवड्याला फिल्टर धुते, तेव्हा पाण्याला हलकी खारट चव असते, मी चाखून बघितलंय. सप्टेंबरमध्ये कॅबिनेट उघडलं तेव्हा मागच्या दोन स्क्रूंवर गंजाचे ठिपके होते. ते बदलले. बोर्ड, कार्डाचे पाय, रॅमच्या काड्यांच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ होत्या.

या निवडीतली जी मर्यादा खरी जाणवते ती बोर्डाची. त्याला रॅमचे दोनच खण आहेत आणि दोन्ही भरलेले. ३२ जीबी करायची तर आत्ताच्या काड्या काढून नव्या दोन घ्याव्या लागतील. चार खणांचा बी६६० बोर्ड दोन-तीन हजारांनी महाग होता, आणि ते पैसे यूपीएसमध्ये गेले. परत निवडायची वेळ आली तरी मी यूपीएसच घेईन, पण ज्यांच्या घरी लाईट स्थिर आहे त्यांनी बोर्डावर खर्च करावा. वाडीतल्या एका मुलाला आता असाच कॉम्प्युटर घ्यायचाय. त्याचं घर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर आहे, खाडीपासून बरंच आत, आणि डीपी अगदी दारात. त्याला मी आमची यादी दिली नाही, व्होल्टमीटर दिला आणि आठवडाभर आकडे लिहून आण म्हणून सांगितलंय.